गिरजाबाईंच्या अंगात मुरलेलं जहर

गिरजाबाई गांधीलमाश्यांना ‘बाया’ म्हणायच्या. पोळ्याखाली उभं राहून आधी त्यांना हाक द्यायच्या, “उठा वं बायाहो, जागा सोडा,” आणि मगच धुराचं घमेलं वर धरायच्या. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. भाडेकरूला मालकानं बोलावं तसा आवाज, पण रागाचा नव्हे. सामान आवरायला वेळ देणारा.

सध्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला एका गांधीलमाशीनं घर धरलंय. बोटाच्या पेराएवढंच आहे अजून. नवरा म्हणतो, झाडूनं पाड आणि मोकळी हो. माझ्याच्यानं होत नाही. मी खिडकी बंद ठेवून चहा करते आणि काचेतून तिच्याकडं बघत बसते. भीती मला पहिल्यापासूनच आहे. पण आता भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी होतं. गिरजाबाई गेल्या त्या अशाच एका माशीच्या डंखानं. ज्यांच्या अंगाला काही होत नाही असं सगळी वस्ती छातीठोक सांगायची, त्या.

आमचं गाव जतकडलं. सातवीला शाळा सुटली, त्यामुळं लिहिताना चुका होतात, समजून घ्यावं. लग्न झालं आणि नवऱ्याला इथं गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडं वेल्डिंगचं काम लागलं, म्हणून मी आले. रेल्वेनं बल्लारशाला उतरून पुढं बस. राज्य एकच, पण मला परमुलखात आल्यासारखं झालं. पत्र्यांवर, झाडांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर पांढरी भुकटी. दुपारी खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजायची. इथल्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तेही मला पहिले काही दिवस कळेना. कोण येतो, कोण जातो म्हणून मी मागं वळून बघायची.

शकुंतलाबाईंच्या भाड्याच्या खोल्यांची एक रांग होती, तिथं आम्ही राहायला लागलो. सगळ्या खोल्यांना मिळून एक संडास. आणि त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या अगदी वर, बशीएवढं पोळं. बाकीच्यांना ते ठाऊकच होतं. दार हळू लोटायचं, हळू बसायचं, श्वास धरून उठायचं, असं सगळ्यांचं बिनबोभाट चाललं होतं. मी मात्र डबा घेऊन दारापर्यंत जायची आणि परत यायची. नवीन बाई, कोणाला सांगणार? शेवटच्या खोलीपुढं एक बाई मासळीची टोपली धूत बसल्या होत्या. उंच, वाळलेल्या, दात सगळे शाबूत. त्यांनी माझ्या खेपा बघितल्या असणार.

“काऊन वं पोरी,” त्या म्हणाल्या, “पाण्याले फिरवून आणून राह्यली का?”

मी रडायलाच लागले. त्यांनी टोपली खाली ठेवली, हात पुसले, आत जाऊन पोळं बघून आल्या आणि म्हणाल्या, दिवस बुडेपर्यंत काही करता येणार नाही. बाया कामावर गेल्यात. आत्ता घर काढलं तर सांजच्याला येणाऱ्या कुठं जातील? तोवर माझी अडचण होऊ नये म्हणून मला पलीकडच्या आळीत एका ओळखीच्या घरी घेऊन गेल्या. वाटेत विचारलं, “तुमच्या गावाले माश्या नसतात का?” मी म्हटलं, आमच्याकडं पाणीच नाही, माशी कशाला येईल. त्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना रस्त्यावर थांबावं लागलं. नंतर कितीतरी दिवस त्या मला ‘बिनपाण्याची’ म्हणायच्या.

त्यांची पद्धत अशी. घमेल्यात पेटती गोवरी, वर कडुलिंबाचा ओला पाला. डोक्यावरून भिजवलेलं बारदान. एका हातात विळा, दुसऱ्या हातात आणखी एक ओलं पोतं. धूर खाऊन माश्या सुस्तावल्या की विळ्यानं पोळ्याचा देठ कापायचा, पोळं माश्यांसकट पोत्यात झेलायचं, तोंड आवळायचं आणि चालत नाल्याच्या काठावर नेऊन सोडायचं. इथं बाकी लोक पोळं जाळतात. काडीला चिंधी, चिंधीला रॉकेल, एका मिनिटात काम. जाळणाऱ्याला एकही माशी चावत नाही. गिरजाबाईंना दर वेळी एक-दोन तरी चावायच्याच, कारण त्या जाळत नव्हत्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “घर घेतलं ना आपण? जीव काऊन घ्याचा वरून?”

त्या दिवशी नाल्यावरून परत आल्या तेव्हा वरचा ओठ सुजून नाकाला लागला होता. किल्लीचं लोखंड ओठावर घासत, मग त्याच्यावर चुना लावून, माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आता सुंदर दिसून राह्यली का नाई मी?”

त्या नागभीडकडच्या. तलावाचं गाव, घराणं मासळी धरणाऱ्यांचं. नवरा इथं ट्रकवर सिमेंटची पोती चढवायला आला आणि त्या मागून आल्या. मूल झालं नाही. नवरा ट्रकखाली सापडून गेला, तेव्हा भाऊ न्यायला आला होता, पण त्या गेल्या नाहीत. का, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायच्या, भावाच्या घरी बसून खाणाऱ्या बाईला सगळे दिसतात, तिला कोणी बघत नाही. अमलनाल्याच्या धरणावरून मासळी यायची ती टोपलीत घेऊन त्या दारोदार विकायच्या.

टोपलीवर गांधीलमाश्या यायच्याच. दुसरी मासेवाली फडकं मारत बसली असती. गिरजाबाई निघण्याआधी पळसाच्या पानावर माशाचे कल्ले, आतडी काढून ते पान मोरीपासून लांब ठेवायच्या. माश्या तिकडं जायच्या. “त्याईचा हिस्सा त्याईले भेटला का त्या टोपलीत तोंड घालत नाई. माणसाईचं तसं नाई.” शेवटचं वाक्य त्या कुणाकडंही न बघता म्हणायच्या, आणि ज्याला लागायचं त्याला लागायचं.

बोलणं तसं तिखटच. कोणी उधारीत मासा मागितला तर म्हणायच्या, मासा मेला आहे बापा, त्याला थांबायला वेळ नाही. एक मास्तर दर वेळी माशाचे डोळे उघडून, कल्ले उचकून ताजा आहे का बघायचे. त्यांना एकदा म्हणाल्या, “मास्तर, परीक्षा झाली असन तं पास करा त्याले.” नाल्याकडं जाताना मी एकदा सोबत गेले तर पोत्यातली घूं घूं ऐकून मी दहा पावलं मागं राहिले. त्या पोतं कानाशी धरून चालत होत्या. म्हणाल्या, शिव्या देऊन राह्यल्या, द्याच लागते.

मला दिवस राहिले त्या वर्षी खोलीच्या भिंतीवर कुंभारमाशीनं मातीचं घर केलं. ती एकटी माशी, तोंडात मातीची गोळी आणून लिंपत बसते. मी ते खरवडायला उलथणं उचललं तर गिरजाबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, कुंभारीण ज्या घरात घर बांधते त्या घरात लेकरू येतं, हात लावशील तर बघ. मला तेव्हा डॉक्टरकडूनही कळलं नव्हतं. योगायोग असेल. पण माहेर इतक्या लांब, आई येऊ शकत नव्हती, आणि कोणीतरी माझ्या भिंतीवरची माती बघून माझ्या पोटाची काळजी करतंय, याचंच मला रडू यायचं. नऊ महिने त्यांनी मला मासळीचा रस्सा पोचवला. मी माळकऱ्याच्या घरची, मासा कधी खाल्ला नव्हता. त्यांच्यासाठी खाल्ला.

आता मुख्य गोष्ट सांगते, जिच्यामुळं पुढचं सगळं झालं.

गिरजाबाई विधवा होत्या. इथं माणसं वाईट नाहीत, माझ्याशी तर फारच चांगली वागली. पण हळदीकुंकू असलं, हळद दळायची असली, ओटी भरायची असली, की गिरजाबाईंच्या खोलीपुढून बायका नटून जायच्या आणि त्यांना कोणी हाक मारत नसे. त्यांनाही ते ठाऊक, त्या दार ओढून घ्यायच्या. कोणी कोणाला दोष देत नव्हतं. तसंच असतं, एवढंच.

पण कोणाच्या घरात माशी निघाली की मात्र पहिलं नाव गिरजाबाईंचं. मग पोरं पळत यायची, बाप्ये यायचे, कडक लुगड्यातल्या बायका स्वतः दारात यायच्या. या ना बाई, लवकर या. त्या घरात त्या थेट माजघरापर्यंत जायच्या, देवघराच्या वर चढायच्या, कोणी अडवायचं नाही. त्या येईपर्यंत सगळं घर अंगणात उभं. काम झालं की चहा मिळायचा. रस्त्यात चार लोक नाव घ्यायचे. आणि सगळे एकच बोलायचे, “गिरजाबाईच्या अंगात जहर मुरलं, तिले काई होत नाई.” जुन्या मडक्यातून पाणी जास्त पाझरत नाही, तसं काहीतरी लोकांच्या डोक्यात होतं. मास्तरही तेच म्हणायचे, माझा नवराही तेच म्हणायचा, मीही मानायची. गिरजाबाईंचा तर पक्का विश्वास. कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवून म्हणायच्या, इथं आता जागाच उरली नाही, नवीन जहर आलं तर कुठं बसेल?

माझ्या पोरीचं बारसं होतं. मी गिरजाबाईंना म्हटलं, कानात नाव तुम्हीच सांगायचं. त्या म्हणाल्या, वेडी झाली का, बायका उठून जातील. मी हट्ट केला. त्या आल्या, पण उंबऱ्याच्या बाहेर बसल्या. आत बायका, मध्ये पाळणा, घुगऱ्या, गूळखोबऱ्याचं ताट. शकुंतलाबाईंनी नाव सांगितलं, पाळणा म्हणून झाला. मी सारखी दाराकडं बघत होते. तेवढ्यात गुळाच्या वासानं एक गांधीलमाशी आत आली आणि ताटावरून उठून पाळण्याभोवती घिरट्या घालायला लागली. बायकांची एकच धांदल. शकुंतलाबाईच पहिल्या ओरडल्या, “गिरजाबाई, या ना आत, काय बसून राह्यल्या तिथी.”

गिरजाबाई उठल्या. बायकांनी वाट दिली, अगदी भिंतीला चिकटून वाट दिली. त्यांनी पदराचं टोक हातावर घेतलं आणि पाळण्याच्या दोरीवर बसलेली माशी अलगद चिमटीत धरावी तशी धरली. धरून झाल्यावरही त्या हलल्या नाहीत. पाळण्यात वाकून बघत राहिल्या. काजळ, टोपडं, कडदोरा, सगळं बघितलं. पदरात माशी कुरकुरत होती. मग बाहेर गेल्या, ती सोडून दिली आणि पुन्हा आपल्या जागी, उंबऱ्याबाहेर जाऊन बसल्या. संध्याकाळी बोटाला चुना लावताना मला म्हणाल्या, “तुही पोरगी चांगली आहे. नाक तेवढं तुह्यासारखं नको होतं.”

पोरगी चालायला लागली त्या सुमाराची गोष्ट. मास्तरांच्या घरचं पोळं काढून गिरजाबाई परत आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या. एकच चावली होती, मानेवर. किल्ली घासता घासता म्हणाल्या, आज काऊन तर तळहात खाजून राह्यले. मी बघितलं तर हातावर गांधी उठलेल्या. बघता बघता पापण्या सुजल्या. त्या काहीतरी बोलायला गेल्या तर आवाज निघेना, गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी किंचाळले. कोणीतरी ऑटो आणला. सरकारी दवाखाना जवळ होता म्हणून वाचल्या. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी बसून बोलायला लागल्या.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्याच वयाची. तिनं खुर्ची ओढून बसून सांगितलं. “आई, जहर मुरत नसतं. शरीर त्याला ओळखून ठेवतं आणि एक दिवस फार चिडतं. आता पुढची माशी कदाचित तुम्हाला इथपर्यंतसुद्धा येऊ देणार नाही.” गोळ्या लिहून दिल्या, जवळ ठेवायला सांगितल्या, आणि माश्यांच्या जवळ जायचं नाही असं माझ्याकडं बघून म्हणाली, जणू मी त्यांची मुलगी.

परत येताना ऑटोत गिरजाबाई आपला हात उलटासुलटा करून बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे येवढे वर्स मी लोकाईच्या घरचं काढून काढून आपल्याच घरात भरून राह्यली होती.”

 

ऑटोवाल्यानं ऐकलं होतं. दोन दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं. लोक भेटायला आले, केळी आणली, म्हणाले, बाई, आता आराम करा, खूप केलं आमच्यासाठी. खरंच काळजीनं म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांना बोलावणं बंद झालं. कारखान्याच्या वसाहतीत फवारणी करणारा एक पोरगा होता, पाठीवर पंप घेऊन यायचा, त्याला बोलवायला लागले. तो फवारायचा आणि खाली माश्यांचा सडा पडायचा. एकदा गिरजाबाई लांब उभ्या राहून त्याला सांगायला गेल्या की अंधार पडू दे, अर्ध्या बाहेर आहेत. तो म्हणाला, “मावशी, बाजूला व्हा, तुमच्या तब्येतीले चालत नाई.” चांगलंच बोलला तोही. त्या बाजूला झाल्या.

मासळी बंद पडली. टोपलीवर माशी बसली की त्या टोपली सोडून उठायच्या. कल्ल्यांचं पान ठेवायची हिंमत राहिली नाही. काही दिवस त्यांनी टोपलीला मच्छरदाणीचा तुकडा बांधून बघितलं, पण गिऱ्हाईकानं तो उचलला की त्या दचकून मागं सरायच्या. लोक हसायचे नाहीत, आणि तेच वाईट होतं. मग एका दुकानात त्या डाळ निवडायला जायला लागल्या. आल्या की दार लावून घ्यायच्या. दाराच्या फटीत, पत्र्याच्या भोकात चिंध्या कोंबलेल्या. चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. त्या उन्हाळ्यात त्या बंद खोलीत बसायच्या. मी पोरीला घेऊन जायची. तिला त्या कडेवर घ्यायच्या, पण नजर छताकडं. पंख्याचा आवाज जरा बदलला तरी मान वर.

मी सांगून बघितलं की भावाकडं जा, तलावाचं गाव आहे, मोकळं आहे. म्हणाल्या, तलावावर माश्या नसतात का?

एका दुपारी सुरुंगाचा आवाज झाला, भांडी वाजली, आणि त्यानंतरच्या शांततेत त्या म्हणाल्या, “पोरी, माशीच्या भेवानं नाई मरणार मी. दिवसभर कोणी नाव घेत नाई माह्यं. हे आपल्याले सहन नाई होत.” मी म्हटलं, मी आहे ना. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी होते, पण एकटी होते, आणि परकी होते. माझ्या हाक मारण्यानं त्यांचं नाव वस्तीत फिरणार नव्हतं. ते मला तेव्हाच कळलं, आणि कळून काही करता आलं नाही.

नंतरच्या हिवाळ्यात शकुंतलाबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण ठरलं. सगळ्या खोल्यांना निमंत्रण. गिरजाबाईंना अर्थातच नाही. आदल्या दिवशी संध्याकाळच्या आधी शकुंतलाबाई स्वतः गिरजाबाईंच्या दारात आल्या. मी तिथंच होते. रस्त्याच्या टोकाला त्यांचं घर होतं, तिथल्या व्हरांड्यात, जिथं सुनेला बसवायचं तिथंच वर, जाळीला मोठं पोळं होतं. फवारणीवाला गावाला गेलेला. नवऱ्याला जाळू देत नाही म्हणाल्या, वर कापडी मंडप बांधून झालाय. मग जरा थांबून म्हणाल्या, “डॉक्टर लोक भेव दाखवतच राह्यते, बाई. तुमच्या अंगात तं जहर मुरलं आहे. अन् उद्या जेवाले तिथीच या. सगळ्याईसंग.”

शकुंतलाबाई वाईट बाई नव्हत्या, हे मला पुन्हा सांगायचंय. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पुढं कितीतरी दिवस त्या मला भेटल्या की रडायच्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, ह्या येणार नाहीत, डॉक्टरनी स्पष्ट सांगितलंय, आम्ही दुसरं कोणी बघतो. गिरजाबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. शकुंतलाबाईंना म्हणाल्या, “तुमी व्हा पुढं. येतो मी.”

शकुंतलाबाई गेल्यावर मी दारात आडवी उभी राहिले. भांडले. पोरीची शपथ घातली. म्हटलं, डॉक्टरीण खोटं बोलली असं वाटतं का तुम्हाला? गिरजाबाईंनी पेटी उघडली. घडीचं हिरवं लुगडं काढलं, जे मी कधी त्यांच्या अंगावर बघितलं नव्हतं.

“खरं बोलली ते. मले मालूम आहे.”

“मग?”

“मंग काय? तिनं बलावलं मले. आयकलं ना तू?”

तोंड धुतलं, केस विंचरले. पोळं काढायला जाताना त्या कधी केस विंचरत नसत. घमेल्यात गोवरी पेटवली, कडुलिंबाचा पाला घेतला, बारदान भिजवून खांद्यावर टाकलं. हिरव्या लुगड्यावर पाणी ओघळत होतं. गोळ्यांची पुडी मी त्यांच्या कमरेला खोचली. त्यांनी खोचू दिली. आम्ही दोघी रस्त्यानं निघालो. ओट्यांवरच्या बायका म्हणाल्या, कुठी, गिरजाबाई? आणि त्या प्रत्येकीला थांबून सांगत होत्या, शकुंतलाबाईकडे.

फाटकाशी पोचल्यावर मला म्हणाल्या, तू ऑटो आणून उभा करून ठेव, एवढी भीती वाटते तर. मला तेही पटलं. निदान तेवढं तरी.

ऑटो घेऊन मी आले तेव्हा उशीर झाला होता. पोळं पोत्यात होतं, पोत्याचं तोंड नीट आवळलेलं होतं. एकच चावली म्हणे, कानामागं. गोळी तोंडात घातली पण गिळता आली नाही. दवाखान्याच्या दारात आम्ही पोचलो, आत त्या पोचल्या नाहीत. डोहाळजेवण पुढं ढकललं. भाऊ आला, घेऊन गेला. लोक म्हणाले, वेळ आली होती. काही जण अजूनही म्हणतात, एवढं जहर मुरलेलं अंग, माशीनं कसं जाईल, दुसरंच काही असेल. पोतं नाल्यावर कोणी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी शकुंतलाबाईंच्या नवऱ्यानं ते तसंच पेटवलं.

मला यातलं काही आठवायचं नसतं, पण आठवतं. रात्री आठवतं, भाजी चिरताना आठवतं. आणि त्यातल्या त्यात एक गोष्ट आठवते तेव्हा मी हातातलं काम थांबवते.

ऑटो आणायला निघाले, तेव्हा मी मागं वळून बघितलं. शकुंतलाबाईंच्या अंगणात घरातली सगळी माणसं भिंतीला लागून उभी होती, माना वर करून व्हरांड्याकडं बघत. घमेल्यातून धूर निघत होता. गिरजाबाईंना कोणीतरी खुर्ची आणून दिली होती आणि त्या तीत बसल्या होत्या, पोळ्याकडं पाठ करून. सून कपबशी घेऊन आली होती. गिरजाबाई तिला विचारत होत्या, कितवा महिना, काय खावंसं वाटतं, माहेर कुठलं. शकुंतलाबाई म्हणाल्या असाव्यात, अंधार होईल, कारण गिरजाबाईंनी त्यांच्याकडं हात केला.

“होते वं बाई,” त्या म्हणाल्या, “चहा तं पिऊ द्या.” आणि बशीत ओतून, फुंकर घालत, अगदी सावकाश प्यायला लागल्या.